बोलावे की गप्प बसावे?

पत्ते म्हटले की आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ती अगदीच अकारण पडते असे नाही. पैसा लावून खेळलेल्या पत्त्यांनी कित्येक घरे धुळीला मिळवली आहेत. पण दिवाळीच्या सुट्टीत ओसरीवर बसून ज्यांनी मेंढीकोट खेळला आहे, समोरच्या भिडूने दश्शी गमावल्यावर जीव कसा चुटपुटतो हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पैसा न लावताही पत्त्यांत पणाला लावण्यासारखे पुष्कळ असते. ब्रिज नावाच्या खेळातल्या अशाच एका पेचाची हकीकत आज सांगायची आहे. पेच म्हटले तर लहान आहे. प्रतिपक्ष बोली बोलला, आपल्याकडे चित्रे थोडी पण एखाददुसरा रंग लांबलचक आहे, तर आपण मधे तोंड घालावे की गप्प बसावे? या एका प्रश्नावर जाणत्या माणसांनी जवळजवळ शंभर वर्षे वाद घातला आहे.

ज्यांनी ब्रिज पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पाने. म्हणजे एकंदर तेरा हात करायचे. खेळ सुरू होण्यापूर्वी लिलाव होतो. ‘एक बदाम’ असे कोणी म्हटले, तर त्याचा अर्थ असा की बदाम हुकूम असेल तर आम्ही दोघे मिळून सहा अधिक एक, म्हणजे सात हात करू. ‘चार इस्पिक’ म्हणजे इस्पिक हुकूम धरून दहा हात. जो जास्त बोलेल त्याचा हुकूम. बोललेले हात केले तर गुण मिळतात. कमी पडले तर दंड होतो. आणि प्रतिपक्षाने ‘डबल’ म्हटले असेल तर दंड चांगलाच वाढतो. विशेष हे, की भिडूला आपली पाने कळवायची ती या बोलीतूनच. डोळा मारायचा नाही, खाकरायचे नाही. त्यामुळे प्रत्येक बोलीला दोन कान ऐकत असतात, एक भिडूचा आणि एक वैऱ्याचा.

आता या खेळाचा पूर्वज पाहू. अठराव्या शतकात इंग्लंडात ‘व्हिस्ट’ नावाचा खेळ घरोघर चाले. एडमंड हॉइल याने १७४२ साली त्यावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि ते इतके गाजले, की नियमाला धरून चालण्याला इंग्रजीत त्याच्या नावाने वाक्प्रचार पडला. व्हिस्टमध्ये लिलाव नव्हता. वाटणाऱ्याचे शेवटचे पान उघडे पडे, त्याचा रंग तो हुकूम. जो हुकूम नशिबाने दिला त्याच्याशीच संसार करायचा! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिज आला तेव्हा वाटणाऱ्याला किंवा त्याच्या भिडूला हुकूम ठरवण्याचा हक्क मिळाला. १९०३-०४ च्या सुमारास ‘ऑक्शन ब्रिज’ आला आणि चौघांनाही बोलण्याची मुभा मिळाली. या लिलावाची कल्पना हिंदुस्थानातल्या एका आडवळणाच्या ठाण्यावर सुचली, चौथा गडी मिळेना म्हणून तिघा इंग्रज अधिकाऱ्यांनी ती काढली, अशी एक गोष्ट ब्रिजवाले सांगतात. गोष्ट खरी असो की रचलेली, एवढे मात्र खरे की आपला प्रश्न या लिलावाबरोबर जन्माला आला. सर्वांनाच तोंड दिले, म्हणजे ते केव्हा उघडावे हा प्रश्न ओघाने आलाच.

पण तो धारदार झाला तो पुढे, १९२५ साली. ऑक्शन ब्रिजमध्ये एक सवलत होती. बोलीपेक्षा जास्त हात झाले तर तेही गेमच्या हिशेबात धरत. त्यामुळे उंच बोलायची घाई कोणाला नसे. स्वस्तात हुकूम मिळवायचा आणि मग जमेल तेवढे लुटायचे. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट हा अमेरिकेतला धनाढ्य गृहस्थ. ‘फिनलंड’ नावाच्या जहाजातून लॉस एंजलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला जाताना त्याने सोबत्यांना बसवून नवे नियम लावून पाहिले. जितके बोलाल तितकेच गेमच्या खात्यात पडेल, हा त्यातला मुख्य नियम. यालाच ‘कॉन्ट्रॅक्ट ब्रिज’ म्हणतात. दुसरा नियम असा, की ज्या बाजूने एक गेम जिंकली आहे तिने बोली चुकवली तर दंड जास्त. अशा बाजूला ‘व्हल्नरेबल’, म्हणजे घाव लागण्याजोगी, म्हणतात. हा शब्द जहाजावरच्या एका तरुण सहप्रवासी स्त्रीने सुचवला असे सांगतात.

या दोन नियमांनी काय झाले ते पाहा. उंच बोलल्याशिवाय गेम नाही, म्हणून प्रतिपक्षाला शांतपणे बोलायला आता जागा हवी. आपण मधे पडलो तर त्यांची ती जागा खाल्ली जाते. म्हणजे मधे बोलण्याचा फायदा वाढला. पण दंडही मोजूनमापून ठेवलेला, म्हणजे धोकाही वाढला. फायदा आणि धोका एकदमच वाढले, की तिथे विचाराला तोंड फुटते.

आता आपण प्रत्यक्ष पाने हातात घेऊ. चार चित्रांचे गुण धरायची रीत अशी: एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक. ही रीत मिल्टन वर्क याच्या नावाने ओळखली जाते. चारही रंगांचे मिळून चाळीस गुण होतात, म्हणजे सरासरी माणशी दहा. शिक्षक मंडळींनी वाटल्यास फळ्यावर मांडून पाहावे.

उजवीकडचा खेळाडू बोलला, ‘एक बदाम’. तुमच्या हातात इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, नव्वी, सत्ती; बदामची एकटी चौकी; चौकटचे राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, छक्की; आणि किलवरची पंजी व तिर्री. गुण मोजा: नऊ. सरासरीपेक्षाही कमी. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या एका गृहस्थाकडे इस्पिकचे राणी, गुलाम, चौकी. बदामचे राजा, गुलाम, तिर्री. चौकटचे राजा, अठ्ठी, छक्की, चौकी, दुर्री. आणि किलवरचे एक्का, सत्ती. गुण चौदा. त्याच्याही उजवीकडून ‘एक बदाम’ आले आहे. दोघांपैकी बोलावे कोणी?

नवशिक्या म्हणेल, चौदावाल्याने. जाणता म्हणेल, नऊवाल्याने. का ते पाहा. नऊवाल्याने इस्पिक हुकूम केला, तर इस्पिकमध्ये फक्त एक्क्याला एक हात जाईल. बदामचा एक, चौकटचे एक्का-राजा मिळून दोन, किलवरचे दोन. एकूण सहा गेले, सात राहिले. भिडूकडे फारसे काही नसले तरी, पाने फार वाकडी पडली नाहीत तर, सात हात त्याच्या एकट्याच्या बळावर उभे आहेत. उलट प्रतिपक्षाने बदाम हुकूम केला तर याच नऊ गुणांचे हात किती होणार? एखादा, फार तर दोन. म्हणजे ही पाने आपल्या हुकमात सोने आणि परक्याच्या हुकमात माती. अशा पानाने बोलायचे.

चौदावाल्याचे उलटे आहे. त्याला ‘दोन चौकट’ बोलावे लागेल, म्हणजे आठ हात. आणि त्याचा चौकटचा रंग तर राजाखाली सगळा भुसा. बदामचे राजा-गुलाम प्रतिपक्षाच्या रंगात अडकलेले. ते त्यांचा डाव मोडायला उपयोगी, आपला डाव उभारायला नव्हे. त्याने गप्प बसावे, आणि प्रतिपक्ष चढत चढत गेला तर त्याला खाली खेचावे.

ब्रिजवाले ज्याला वाटणीचा हात म्हणतात तो असा. म्हणजे गुणांनी हलका पण एकदोन रंगांत लांब. असा हात रोज येत नाही. बावन्न पानांतून तेरा पाने उचलण्याचे प्रकार ६३५,०१३,५५९,६०० आहेत. त्यांत चार-चार-तीन-दोन अशी सपाट वाटणी शंभरात साडेएकवीस वेळा येते; दोन रंग पाच-पाच असण्याचा योग शंभरात चारच वेळा. म्हणून आला की खेळाडूचे हात शिवशिवतात. आणि घात होतो तोही तिथेच.

या घाताला लगाम घालणारा पहिला नामांकित माणूस एली कल्बर्टसन. रुमानियात १८९१ साली जन्मलेला, पुढे अमेरिकेत नाव काढलेला. १९२९ साली त्याने ब्रिजचे मासिक काढले, १९३० साली आपले ‘ब्लू बुक’ प्रसिद्ध केले. तो चित्रांचे गुण धरीत नसे, ‘ऑनर ट्रिक’ मोजी. म्हणजे एक्का-राजा एकत्र असले तर दोन, नुसता एक्का एक, राजा-राणी एक, असा हिशेब. आणि मधे बोलणाऱ्यासाठी त्याने दोन-तीनचा नियम सांगितला. व्हल्नरेबल असाल तर आपल्या खात्रीच्या हातांपेक्षा दोन जास्त बोला, नसाल तर तीन. त्यापुढे नाही. आजच्या हिशेबानेही हे जुळते. व्हल्नरेबल असताना डबलात दोन हात कमी पडले तर दंड ५००. नसताना तीन कमी पडले तरी ५००. म्हणजे त्याने धाडसाला मनाई केली नाही, त्याची किंमत आधी ठरवून दिली. बाजारात जाताना गाठीला किती पैसे बांधायचे ते घरीच ठरवावे, तसेच हे.

१९३१ सालच्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये कल्बर्टसन आणि सिडनी लेंझ यांचा सामना सुरू झाला. मंदीचे दिवस, लोकांच्या हाताला काम नाही. पण वर्तमानपत्रे या सामन्याच्या बातम्या पहिल्या पानावर छापत होती. दीडशे रबरांचा सामना. पंच म्हणून आल्फ्रेड ग्रुंथर नावाचा तरुण लेफ्टनंट होता. हाच पुढे ‘नाटो’च्या युरोपातल्या सैन्याचा सरसेनापती झाला. कल्बर्टसनसमोर बऱ्याच वेळा त्याची पत्नी जोसेफिन भिडू म्हणून बसे. लेंझचा भिडू ऑस्वाल्ड जॅकोबी, तरुण आणि तल्लख. या जॅकोबीला पानांत नसलेले बोलून प्रतिपक्षाला चकवण्याची हौस होती. अशा बोलीने प्रतिपक्ष चकत असे खरा, पण कधी कधी लेंझही चके. तो नाराज होऊ लागला, दोघांत खटके उडाले आणि १०३ रबर झाल्यावर जॅकोबी बाजूला झाला. उरलेला सामना लेंझ दुसऱ्या भिडूबरोबर खेळला. १९३२ च्या जानेवारीत कल्बर्टसन ८,९८० गुणांनी जिंकला.

दीडशे रबरांत ८,९८० गुण हा काही डोंगराएवढा फरक नव्हे. पाने थोडी इकडची तिकडे पडती तर निकाल फिरता. पण लोकांनी घेतलेला धडा वेगळा होता. मधे बोललेली प्रत्येक बोली भिडूला दिलेला शब्द असते. तो शब्द दोनदा खोटा ठरला की तिसऱ्या वेळी तुम्ही खरे बोललात तरी भिडू मान हलवत नाही. आणि भिडूचा भरवसा गेला की तेरा चित्रे हातात आली तरी उपयोग नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर चार्ल्स गोरेन याचे युग आले. १९४९ साली त्याने गुण मोजण्याची रीत सर्वांना समजेल अशी मांडली. विल्यम अँडरसन नावाचा टोरोंटोचा विमागणिती त्याच्या मदतीला होता. गोरेनने चित्रांच्या गुणांना वाटणीचेही गुण जोडले: एखाद्या रंगाची दोनच पाने असली तर एक, एकच असले तर दोन, मुळीच नसले तर तीन. कारण उघड आहे. रंग संपला की हुकमाने कापता येते. लांब रंगाला आणि रिकाम्या रंगाला अशी बाजारात किंमत आली. मात्र एक ध्यानात ठेवायचे. हे गुण भिडूकडे आपल्या रंगाची तीन-चार पाने असली तरच वसूल होतात. भिडूकडे तो रंगच नसला तर ती बुडीत उधारी.

मग खेळाडू युक्तीला लागले. दोन लांब रंग एकाच बोलीत कसे सांगावे? आल्विन रॉथ याने १९४८ च्या सुमारास असाधारण ‘नो ट्रम्प’ काढले. प्रतिपक्षाने बदाम किंवा इस्पिक उघडले असता मधेच ‘दोन नो ट्रम्प’ म्हटले, की अर्थ: माझ्याकडे किलवर आणि चौकट, दोन्ही लांब. पुढे माइक मायकल्स याने प्रतिपक्षाचाच रंग उलट त्याच्यावर बोलून दुसऱ्या दोन रंगांची खबर देण्याची रीत पाडली. आपला वरचा नऊवाला आज तसेही बोलू शकेल.

लांब रंगाची ताकद किती असू शकते याचे टोकाचे उदाहरण इयान फ्लेमिंगच्या १९५५ सालच्या ‘मूनरेकर’ कादंबरीत आहे. व्हिस्टच्या काळी कंबरलंडच्या ड्यूकला चित्रांनी भरलेली पाने येऊन तो मोठी पैज हरला, अशी एक दंतकथा होती. त्याच धर्तीची पाने फ्लेमिंगने योजली. एका लबाड खेळाडूला धडा शिकवायला नायकाने मुद्दाम लावून ठेवलेली. लबाडाकडे इस्पिक आणि बदाम या दोन्ही रंगांचे एक्का, राजा, राणी, गुलाम, चौकटचे एक्का-राजा, किलवरचे राजा, गुलाम, नव्वी. गुण एकतीस! नायकाकडे चौकटची राणीपासून खाली आठ पाने आणि किलवरचे एक्का, राणी, दश्शी, अठ्ठी, चौकी. गुण आठ. त्याच्या भिडूकडे एकही चित्र नाही, पण किलवरची पाच पाने आणि चौकट मुळीच नाही. नायक बोलला सात किलवर, म्हणजे तेराच्या तेरा हात. डबल झाले, त्याने रिडबल केले, आणि तेराही केले. चौकट दोनदा भिडूच्या हुकमाने कापली, तशी एक्का-राजा दोन्ही पडले. तिकडून किलवर खेळून लबाडाचे राजा-गुलाम पकडले. मग उरलेली चौकट सगळी सर. एकतीस गुणांना एक हात नाही! घरी पत्ते मांडून पाहा, मुलांना मौज वाटेल. पण हे लावलेले पत्ते होते, हे विसरू नका. खऱ्या वाटपात भिडूकडे काय आहे ते दिसत नाही, आणि सगळा पेच तिथेच आहे.

या न दिसण्यावर एका फ्रेंच माणसाने तोडगा शोधला. ज्याँ-रने व्हर्न त्याचे नाव. झालेल्या सामन्यांतील पुष्कळ वाटपे तपासून त्याने एक निरीक्षण मांडले, ते १९६९ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकात आले. आपल्या दोघांची आपल्या उत्तम रंगात मिळून जितकी पाने, अधिक प्रतिपक्षाची त्यांच्या उत्तम रंगात जितकी पाने, तितकेच साधारणपणे दोन्ही बाजूंचे मिळून हात होतात. समजा, आपली इस्पिकची नऊ आणि त्यांची बदामची नऊ. बेरीज अठरा. त्यांचे बदामात दहा हात होत असतील तर आपले इस्पिकात आठ.

आता स्पर्धेतला हिशेब करू. दोन्ही बाजू व्हल्नरेबल नाहीत. त्यांनी चार बदाम केले तर त्यांना ४२० गुण. आपण चार इस्पिक बोललो, डबल झाले, आठच हात झाले, तर दोन कमी, दंड ३००. हरूनही १२० वाचले. आपण व्हल्नरेबल असलो तर तोच दंड ५००, म्हणजे ८० चा तोटा. आणि त्यांचे मुळात नऊच हात होत असतील, तर त्यांचे चार बदाम बुडणारच होते. आपण मधे बोलून फुकट बळी दिला. धाडस तेच, पाने तीच. पण एका ठिकाणी शहाणपण आणि दुसऱ्या ठिकाणी मूर्खपणा. फरक पडला तो मोजणीने.

लॅरी कोहेनने १९९२ साली या नियमावर पुस्तक लिहिले. ‘बोलावे की न बोलावे’ अशा अर्थाचेच त्याचे नाव आहे. ते घरोघर गेले. पण वाद मिटला असे समजू नका. मधल्या बोलींवरच १९७९ साली अख्खा ग्रंथ लिहिणारा माइक लॉरेन्स आणि त्याचा सहकारी अँडर्स विर्गरेन यांनी २००४ साली नियमालाच आव्हान दिले. त्यांचे म्हणणे, हुकमाची पाने मोजून भागत नाही. आपल्या रिकाम्या रंगांची बेरीज पाहा, आणि आपली चित्रे कामाच्या जागी आहेत की नाहीत ते पाहा. मधल्या काळात दंडाचे दरही बदलले. १९८७ साली व्हल्नरेबल नसलेल्या बाजूचा डबलातला चौथा हात महाग झाला. पूर्वी चार कमी पडले तर ७००, आता ८००. म्हणजे बेफाम बोलणाऱ्यांचे पंख थोडे छाटले गेले.

हा साहेबांच्या क्लबातला खेळ, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. त्याला दोन गोष्टी सांगतो. मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात रायबिडपुरा नावाचे शेतकऱ्यांचे गाव आहे. १९६० नंतरच्या दशकात तिथे आलेल्या गुरांच्या डॉक्टरने गावकऱ्यांना ब्रिज शिकवला आणि शेतावरून परतल्यावर पारावर ब्रिजचे डाव मांडायची रीत पडली, ही हकीकत वर्तमानपत्रांतून आलेली आहे. आणि २०१८ साली जकार्ता इथे आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिज प्रथमच खेळला गेला, तेव्हा पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक आपल्या प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी आणले. एकाचे वय साठ, दुसऱ्याचे छप्पन्न. दोघे पुष्कळ वर्षांचे भिडू.

तेव्हा पुन्हा आपल्या नऊ गुणांच्या पानांकडे येऊ. ‘एक बदाम’ ऐकून तोंड उघडण्यापूर्वी चार गोष्टी विचारायच्या. माझा रंग लांबही आहे आणि कणखरही आहे ना? माझी चित्रे माझ्याच रंगांत आहेत की परक्याच्या? चुकलो तर किती भरावे लागेल, ते मी मोजले आहे का? आणि शेवटचे, जे कल्बर्टसनच्या सामन्याने शिकवले: हे ऐकून माझा भिडू जे समजेल, ते माझ्या हातात खरोखर आहे का? चारही उत्तरे होकारार्थी आली तर बेलाशक म्हणा, ‘एक इस्पिक’. एक जरी अडले तर पाने छातीशी धरून गप्प बसा. गप्प बसणे हीसुद्धा ब्रिजमध्ये एक बोलीच आहे. तिला ‘पास’ म्हणतात, आणि चांगला भिडू तीही ऐकतो.